भीमा ते झेलम, खिडकीजवळ बसून

पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या झेलम एक्सप्रेसला झेलम नदी लागतच नाही. गाडी जम्मू तावीला थांबते आणि नदी राहते पीर पंजालच्या पलीकडे, काश्मीर खोऱ्यात. पण तिथवर जाताना ही गाडी भीमा ओलांडते, गोदावरी ओलांडते, मग तापी, नर्मदा, बेतवा, चंबळ, सतलज, बियास आणि शेवटी रावी. एका तिकिटात इतक्या नद्या दाखवणाऱ्या गाड्या देशात फार नसाव्यात. गेल्या कार्तिकात मी मुख्यतः या नद्यांसाठीच झेलमनं गेले. धाकटी बहीण विमानानं येऊन मला जम्मूला भेटणार होती, पुढे श्रीनगरपर्यंत दोघी नव्या रेल्वेमार्गानं जाणार होतो आणि परत येताना दोघी विमानानं. त्यामुळे एकाच प्रवासात दोन्ही अनुभवता आलं.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती. मी पहिल्याच दिवशी स्लीपरचं तिकीट काढलं. पंचेचाळीस ओलांडलेल्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप दिला जातो, तसा तो मला मिळाला. घरच्यांचा आग्रह एसीचा होता. पण एसीच्या डब्यात खिडकी बंद, काच पिवळट, आणि बाहेरचा वास, आवाज काहीच आत येत नाही. कार्तिकात ऊन बोचत नाही, थंडी सोसण्याइतकी असते, मग खिडकी उघडता येईल अशाच डब्यात बसावं असं माझं मत. रात्रीसाठी एक सोलापुरी चादर आणि एक शाल घेतली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि पहिल्या रात्रीपुरते मेथीचे ठेपले. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. मात्र त्या डब्यात न कोंबता सुती फडक्यात बांधायच्या.

समोरच्या बर्थवर सातारा बाजूचा एक फौजी होता, सुट्टी संपवून परत निघालेला. गाडी लोणी ओलांडते न ओलांडते तोच त्यानं मला विचारलं, "काकू, मोबाइल प्रीपेड आहे का पोस्टपेड?" जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डं चालत नाहीत. पठाणकोट सोडलं की फोन मुका होतो. माझं पोस्टपेड होतं, पण बाजूच्या खणात वैष्णोदेवीला निघालेली बारामतीकडची पोरं होती, त्यांचे चेहरे उतरले. फौजीनं त्यांना शांतपणे सांगितलं की घरी आताच फोन करून ठेवा, तिकडे पोचलात की तिथलं कार्ड मिळतं, आणि नकाशा आधी उतरवून ठेवलात तर तो नेट नसतानाही दिसतो. हा शेवटचा सल्ला मी स्वतःसाठीही उचलला. नकाशावरचा निळा ठिपका नदीच्या रेघेकडे सरकताना बघणं हा मग माझा दोन रात्रींचा उद्योग झाला.

दौंड सोडल्यावर लगेच भीमा आली. सूर्य मावळून गेला होता आणि पौर्णिमेला दोनच दिवस राहिले होते, त्यामुळे उजव्या हाताला चंद्र चांगला वर आलेला. पाणी भरपूर होतं. पुलाचा आवाज सुरू झाला की मी बोलणं थांबवायची, एवढं डब्यातल्या सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. बारामतीकरांपैकी एकानं विचारलंच, "काकू, तुम्ही नद्या मोजताय का?" मी म्हटलं, मोजत नाही, बघतेय. ही भीमा कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. थोड्या वेळानं गोदावरी येईल, तीही तिकडेच जाणार. पण मनमाड ओलांडून खानदेशात उतरलो की पाणी फिरतं. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेतून, वाघूरमधून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला. आपण झोपेत असताना गाडी हा उंबरठा ओलांडते.

अहिल्यानगरनंतर बाहेर ऊस. श्रीरामपूर-कोपरगाव पट्ट्यात साखर कारखान्यांचे दिवे आणि फाटकापाशी ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांच्या रांगा. गळीत नुकतंच सुरू होत होतं, आणि उघड्या खिडकीतून मळीचा तो आंबूस, गोडसर वास आत आला. ज्यांचं बालपण त्या भागात गेलंय त्यांना हा वास नुसत्या शब्दांवरून आठवेल. पुणतांब्याच्या पुढे गोदावरी चांदण्यात पसरट, संथ दिसली, आणि कोपरगावला आमच्या खणात एक मावशी चढल्या.

पांढरं नऊवारी, खांद्याला एक झोळी, हातात वेताची काठी, बगलेत गुंडाळलेली चटई. सोबत त्यांच्याच वयाच्या शेजारीणबाई. दोघी साठी ओलांडलेल्या. नर्मदा परिक्रमेला निघाल्या होत्या. चातुर्मासात परिक्रमावासी जिथल्या तिथे मुक्काम करतात आणि कार्तिकी एकादशी झाली की वाटेला लागतात. नव्यानं उचलणारेही याच सुमारास निघतात. या दोघी खांडव्याला उतरून ओंकारेश्वरला जाणार होत्या.

"तुमी कुठवर, ताई?"

"जम्मूला."

"माताराणीला व्हय?"

मी म्हटलं, दर्शनाला नाही, मी नद्या बघायला निघालेय. त्यावर त्या जराही हसल्या नाहीत. "मंग मैया दिसंल तुमाला सकाळी," म्हणाल्या, "आमी तिला ओलांडनार न्हाई. एकदा संकल्प सोडला की तिला उजव्या हाताला ठिऊन चालायचं. समुद्रापाशी नावंतून जायाचं तेवढंच, नायतर पानी ओलांडायचं न्हाई."

परिक्रमेची वाट अडीच हजार किलोमीटरांहून जास्त आहे. शास्त्रोक्त रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, पण आता बरेच जण काही महिन्यांत पुरी करतात. मावशींनी मुदत ठरवलेली नव्हती. झोळीत काय काय आहे ते त्यांनी काढून दाखवलं: दोन लुगडी, एक कांबळं, पाण्याची बाटली, पितळी फुलपात्र, औषधाच्या गोळ्या आणि नातवानं वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलेले घरचे फोन नंबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड मेणबत्तीवर बंद केलेली. ती पिशवी त्यांनी दोनदा हातावरून फिरवली आणि परत आत ठेवली. मी दशमी दिली. त्यांनी अर्धी शेजारणीला दिली आणि अर्धी खाल्ली. "मला खांडव्याला उठवा, बरं का," एवढं सांगून त्या दोघी एकाच बर्थवर पायाशी डोकं करून झोपल्या.

मी जागीच राहिले. भुसावळला रात्री दीड-दोनच्या सुमारासही केळीवाला होता. भुसावळ सोडलं की लगेच तापी. पूल लांब आहे, चंद्र पश्चिमेकडे कललेला, आणि खाली पाणी चांगलं रुंद. पुलावर गाडीचा आवाज बदलतो तो अंथरुणात पडल्यापडल्या पाठीला कळतो. जमिनीवर खडखड खाली मुरते, पुलावर ती मोकळी होऊन बाजूंनी वर येते. पुढे बऱ्हाणपूर. इथून जवळ असिरगड आहे, ज्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला आणि उत्तरेतून दक्षिणेत उतरायची सातपुड्यातली ही वाट मोकळी झाली. रेल्वेनंही डोंगरातली तीच सोपी खिंड धरली. रात्र असल्यानं गड दिसत नाही, पण इंजिनाचा आवाज जड झालेला कळतो.

खांडवा पहाटे आलं. मावशींना हाक मारायची वेळ आलीच नाही, त्या आधीच उठून चटई गुंडाळून बसल्या होत्या. फौजीनं त्यांच्या झोळ्या खाली उतरवून दिल्या. उतरताना त्यांनी माझ्या हातावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं. "सकाळी पुलावरून टाका मैयाला. आमच्या दोघींच्या नावानं. आन् म्हना, येतोय."

विमानात शेजारी बसलेल्या माणसाशी मी आजवर बोललेच नाही असं नाही. पण तिथे वेळच मुळी मोजका, कानात ज्याची त्याची यंत्रं, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. झोपलेल्या अनोळखी माणसाला जागं करायची जबाबदारी तिथे कोणी कोणावर टाकत नाही. गाडीत बर्थ समोरासमोर असतात, आणि मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच लावायचा हा नियम असल्यानं दिवसभर सगळ्यांना एकाच बाकावर बसावं लागतं. या बसण्यातूनच ओळख होते. मला हा गाडीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो आणि नद्यांच्याही आधी मी तो मानते.

इटारसीला दिवस वर आला. चहा, गरम आलूबोंडे, फलाटावर धावपळ. मग नर्मदापुरम, जे परवापरवापर्यंत होशंगाबाद होतं, आणि त्याला लागूनच नर्मदेचा पूल. पूल येण्याच्या बऱ्याच आधीपासून डब्यात हालचाल सुरू झाली. लोक पर्स उघडून सुटे पैसे शोधत होते, एक आजोबा चपला काढून उभे राहिले, कोणीतरी "नर्मदे हर" म्हणालं आणि बाकीच्यांनी ते उचललं. नदीवर कोवळं ऊन, खाली घाटाच्या पायऱ्या, स्नानाला आलेली माणसं. मी मावशींचं नाणं खिडकीच्या गजांमधून सोडलं. ते लोखंडी तुळईला लागून टणकन वाजलं आणि खाली गेलं. येतोय, असं सांगितलं. पूल संपायला मिनिटभरही लागलं नसेल. तेवढ्या वेळात मी ती नदी ओलांडली, जिच्या कडेनं त्या दोघी महिनोन्‌महिने चालणार होत्या, न ओलांडता. गाडीला आपण सावकाश म्हणतो खरं, पण पायी चालणाऱ्याच्या मानानं तीही केवढी वेगवान.

नर्मदेनंतर बुधनीपासून घाट लागतो. हा विंध्य. दोन्ही बाजूंना सागाचं रान, रातापानीचं जंगल, पानं पिवळी पडायला लागलेली. घाट चढून वर आलं की पाणी पुन्हा फिरतं. इथून पुढे बेतवा, आणि ती यमुनेकडे, म्हणजे गंगेकडे जाणारी. कालपासून हे दुसरं वळण. शाळेत भिंतीवरच्या नकाशात जलविभाजक म्हणून ठिपक्यांची रेघ असायची. ती रेघ म्हणजे इथला हा सागाचा डोंगर.

भोपाळला फलाटावर पोहे-जिलबी घेतली. पोह्यांवर शेव आणि बडीशेप, आपल्यापेक्षा गोडसर. भोपाळच्या पुढे कर्कवृत्त ओलांडून थोडं गेलं की उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांवर लक्ष ठेवावं, कारण सांचीचा स्तूप गाडीतून दिसतो. टेकडीवर झाडांच्या वर तो अर्धगोल, क्षणभरच. मी बारामतीच्या पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे अख्खा खण तयार होता. त्यानंतर विदिशा, आणि मग दिवसभर माळवा-बुंदेलखंडाची शेतं. आपल्याकडची काळी जमीन बीनापर्यंत सोबत करते. गव्हाच्या पेरण्या चालू होत्या, ट्रॅक्टरमागे बगळ्यांची रांग. ललितपूरकडे दगड वर येतात, जमीन तांबूस होते, झाशीच्या अलीकडे बेतवा पुन्हा भेटते, खडकांतून फुटून वाहणारी. दुपारी डबा अर्धा झोपला. मी जागी होते आणि मला त्याचा जराही कंटाळा आला नाही. झाशीनंतर दतियाचा राजवाडा, मग सोनागीरच्या टेकडीवरची पांढऱ्याशुभ्र जैन मंदिरांची ओळ, मग सिंध नावाची एक नदी. ही पंजाबपलीकडची सिंधू नव्हे, माळव्यात उगम पावणारी हिची धाकटी नावबहीण. ग्वाल्हेरचा किल्ला तर डाव्या हाताला कितीतरी वेळ दिसत राहतो.

मुरैना आलं की गजक. तिळाची आणि गुळाची, थरांची, तोंडात टाकली की विरघळते. थंडीची चाहूल लागली की फलाटावर ती येतेच. मुरैना ते धौलपूर या टप्प्यात चंबळ लागते आणि तिच्या आधी-नंतर ते प्रसिद्ध बीहड. पिवळट मातीचे सुळके, घळी, त्यांच्या अंगावर काटेरी झुडपं, उतरत्या उन्हात सगळं सोनेरी. चंबळ स्वच्छ आहे. इतक्या उंचावरूनही वाळूचे पट्टे आणि निळसर पाणी वेगवेगळं ओळखता आलं. इथे सुसरींचं अभयारण्य आहे. सुसर मला दिसली नाही.

चंबळ उतरताना पानिपताची आठवण मराठी माणसाला येतेच. १७६० च्या मार्चमध्ये मराठवाड्यातल्या परतूरहून निघालेली फौज उन्हाळ्यात इथवर आली, चंबळ उतरून पुढे गेली आणि पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपतावर पडली. मथुरा, दिल्ली, पानिपत या क्रमानं झेलम जाते आणि या सगळ्या वाटेत यमुना उजव्या हाताला सोबत राहते. शेकडो किलोमीटर सोबत, पण गाडीला ती एकदाही ओलांडावी लागत नाही. अब्दालीनं मात्र ओलांडली. पुराच्या पाण्यामुळे तो पलीकडेच अडकला आहे असा आपल्या लोकांचा हिशेब होता, आणि ऑक्टोबर १७६० मध्ये तो बागपतपाशी नदी उतरून अलीकडे आला, मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये. पुस्तकात हे सगळं अनेकदा वाचलं होतं. पण दिल्ली ते पानिपत हे अंतर किती थोडं, आणि परतूर ते पानिपत किती लांब, हे माझ्या अंगाला पहिल्यांदा त्या रात्री कळलं. काल संध्याकाळपासून मी बसून होते, गाडी धावत होती, आणि तरी दिल्ली यायला दुसरी रात्र उजाडावी लागली होती. तेवढं अंतर ती माणसं बैल, तोफा, बायकापोरं घेऊन गेली. पानिपत स्टेशनात गाडी शिरली तेव्हा बारामतीची पोरं दारापाशी जाऊन उभी राहिली. त्यांतल्या एकानं फलाटावर उतरून चिमूटभर माती कागदात बांधून घेतली. कोणी काही बोललं नाही.

दिल्लीपासून खिडकी लावून घ्यावी लागली. हवेत धूर होता आणि पुढे हरियाणा-पंजाबात भाताची खुंटं जाळल्याचा वास. थंडीही वाढली होती. मी शाल गुंडाळून, काचेला नाक लावून बसले. अंबाल्याच्या पुढे, राजपुऱ्याच्या अलीकडे घग्गर. ही नदी कुठल्याच समुद्राला पोचत नाही, राजस्थानच्या वाळवंटाकडे जिरून जाते. गंगेचं पाणी आणि सिंधूचं पाणी वेगळं होतं ते याच भागात, आणि इथे डोंगर तर सोडाच, साधा चढही नाही. सपाट शेतं, पिवळे दिवे, धान्याच्या मंड्यांपुढे पोत्यांच्या थप्प्या. विंध्यात पाणी फिरताना इंजिन धापा टाकतं. इथे मात्र काहीच घडत नाही आणि तरी एका बाजूचं पाणी कोलकात्याकडे, दुसऱ्या बाजूचं कराचीकडे.

लुधियानानंतर सतलज. पहाटे तीनचा सुमार असेल. काच वर केली तसा गार वाऱ्याचा झोत आत आला, फौजी कूस बदलून म्हणाला, "सतलज का?" आणि परत झोपला. चंद्र बराच खाली गेलेला, पात्रात पाण्याच्या दोन-तीन फाट्या आणि मध्ये चमकणारी वाळू. बियास मुकेरियांच्या पुढे, मिरथलला, त्या वेळी धुकं होतं आणि नदी फक्त आवाजावरून आणि निळ्या ठिपक्यावरून कळली. रावी मात्र उजेडात मिळाली. माधोपूर आणि कठुआच्या मध्ये पंजाब संपतो, पूल येतो, आणि समोर पहिल्यांदा हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर दिसतात. गोल गोट्यांचं रुंद पात्र, त्यातून हिरवट पाण्याची धार. भीमेपाशी अंधार पडताना निघालेली मी दोन रात्री आणि एक अख्खा दिवस खर्चून रावीवर आले होते, आणि मधलं काहीही माझ्यापासून लपलेलं नव्हतं.

बहीण दुपारी उतरली. तिचं विमान पहाटेचं, दिल्लीत बदलायचं. रात्री झोप झाली नव्हती म्हणून ती वैतागलेली असेल असं मला वाटलं होतं, पण ती खुशीत होती. दिल्लीहून येताना उजव्या खिडकीतून तिला धौलाधारची बर्फाची रांग दिसली होती, टोकापासून टोकापर्यंत. हे गाडीतून दिसत नाही. तिला रजा मोजून मिळते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिच्यासाठी विमान ही चैन नाही, त्याशिवाय तिचा प्रवासच होणार नाही. आमची आई गेली तेव्हा मीही विमानानंच आले होते आणि वेळेत पोचले होते. विमानाविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही ती यामुळे. पण वेळ हाताशी असताना, नुसत्या सवयीनं माणसं विमानात बसतात, तेव्हा मला वाटतं की त्यांच्या हातचं काहीतरी जातंय आणि ते त्यांना कुणी सांगायला हवं.

वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची श्रीनगरची वंदे भारत धरली. हा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. गाडीला बाहेरून तपासणी कडक, आतून ती विमानासारखीच, बंद काचांची, पुढे तोंड करून बसायची. पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून त्यांना तापवायची सोय आहे. कटरा ते बनिहाल १११ किलोमीटर, त्यांतले ९७ बोगद्यांत. त्यामुळे बाहेरचं दृश्य अंधाराच्या मधल्या फटींतून मिळतं. आधी अंजीचा पूल, तारांवर तोललेला, आणि मग चिनाब. नदीच्या तळापासून ३५९ मीटर, आयफेल टॉवरपेक्षाही उंच. लांबी १,३१५ मीटर. बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि डब्यातले सगळे एकदम उभे राहिले. खाली बघायला धीर लागतो. नदी इतकी खोल की ती वाहतेय हे कळत नाही, फक्त हिरवी दिसते. बहिणीनं माझा हात धरला होता. तिला उंचीची भीती वाटते, विमानात तिला ती कधी वाटलेली नाही. तिथे खालचं सगळं चित्रासारखं, इथे खाली खरी नदी.

बनिहालनंतर अकरा किलोमीटरांचा पीर पंजालचा बोगदा. बाहेर पडलो तर समोर खोरं सपाट पसरलेलं, सफेद्याची उंच झाडं, सफरचंदांच्या लाकडी पेट्या, लाल झालेले चिनार. श्रीनगरला संध्याकाळी झीरो ब्रिजवर चालत गेलो. पुलाखाली झेलम. पंजाबच्या पाच नद्यांपैकी ही शेवटची राहिली होती. शिकाऱ्यांतून भाजी जात होती. पांपोरला केशराची फुलं शेवटच्या तोडणीला आली होती, तीही बघितली. श्रीनगरविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, म्हणून इथे थांबते.

परतीचं विमान. श्रीनगर विमानतळाच्या बऱ्याच आधी एका नाक्यावर सगळं सामान उतरवून यंत्रातून जातं, मग आत पुन्हा, मग पुन्हा. सीमेवरच्या त्या ठिकाणी हे हवंच, आणि जवान सौजन्यानं वागत होते. उड्डाणाच्या आधी खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगितले. तो लष्करी तळ आहे, त्यामुळे वर जाईपर्यंत बाहेर बघायचं नव्हतं. पडदा वर करायची परवानगी मिळाली तेव्हा खाली पीर पंजालची बर्फाळ शिखरं होती, मन भरून येईल इतकी सुंदर. मी चिनाब शोधायला लागले. सापडली नाही. त्यानंतर पंजाबवर धुराची करडी साय. रावी, बियास, सतलज तिच्याखाली कुठेतरी असणार. दिल्लीत विमान बदललं तोवर अंधार झाला. पुण्याच्या विमानात माझी जागा मधली होती. मी घड्याळाकडे बघून अंदाज बांधत होते, आता चंबळ, आता नर्मदा. बाहेर काळोख, आत एकसारखा घरघराट, आणि एका रात्रीचा आणि एका अख्ख्या दिवसाचा रस्ता अडीच तासांच्या आत संपला. रात्री जेवायला आम्ही आपापल्या घरी होतो. बहिणीच्या सासूबाई तिची वाट बघत जाग्या होत्या.

माझं सतलज आणि बियास उजेडात बघायचं राहिलं आहे. झेलम जाताना आणि येतानाही पंजाब रात्रीच ओलांडते, म्हणून पुढच्या वेळी दिल्लीला उतरून एक मुक्काम करायचा आणि पहाटे सुटणारी कटऱ्याची वंदे भारत धरायची असं ठरवलं आहे. ती दिवसाउजेडी लुधियानावरून जाते. बारामतीच्या पोरांपैकी पानिपताची माती घेणाऱ्यानं यायचं म्हटलंय. बहीण म्हणते, ती पुन्हा विमानानंच येणार, आणि मला जम्मूला भेटणार.